तिसऱ्या घंटेआधी वाचायचा परिचय

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या नव्या नाटकाचा शुभारंभ जवळ आला की तालमींच्या शेवटच्या टप्प्यात एक काम न सांगता माझ्याकडे येते, ते म्हणजे प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांच्या हाती द्यायच्या माहितीपत्रकाचा मजकूर तयार करणे. पत्रक साधेच असते. ए-फोर आकाराचा कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात. पहिल्या पानावर नाटकाचे नाव आणि चित्र, शेवटच्या पानावर श्रेयनामावली आणि आभार, आतल्या डाव्या पानावर दिग्दर्शकाचे मनोगत आणि उजव्या पानावर कलाकारांचा परिचय. नाटकात सहा पात्रे असतील तर त्या उजव्या पानावर एकेकाच्या वाट्याला साठ शब्दांहून फारशी अधिक जागा येत नाही. मनोगत लिहायला दिग्दर्शक उत्सुकच असतो आणि श्रेयनामावली संस्थेचे व्यवस्थापक तोंडपाठ सांगतात. डोके खाजवायला लावते ते उजवे पान. त्या पानाविषयी इतकी वर्षे मनात साठलेले येथे जरा सविस्तर लिहिते आहे.

हा परिचय कोण आणि केव्हा वाचतो, याचा विचार लिहिणारा क्वचितच करतो. प्रेक्षक नाट्यगृहात येतो, खुर्चीचा क्रमांक शोधतो, शेजारच्याशी दोन शब्द बोलतो आणि पहिल्या व तिसऱ्या घंटेच्या मधल्या काही मिनिटांत हातातला कागद चाळतो. त्या वेळी प्रेक्षागृहातला उजेड बेताचा असतो, अनेकांचा वाचायचा चष्मा घरी राहिलेला असतो आणि पडद्याआडून नेपथ्य सरकवल्याचे आवाज येत असल्यामुळे लक्षही अर्धेच कागदावर असते. दुसरे वाचन मध्यंतरात होते, आणि ते अधिक डोळसपणे होते, कारण आता प्रेक्षकाला प्रश्न पडलेला असतो: तो वकिलाचे काम करणारा कोण, याला कुठे तरी पाहिलेले आहे. तिसरे वाचन घरी परतल्यावर, कागद टेबलावर टाकताना किंवा घरातल्या न आलेल्या माणसाला नाटक सांगताना होते. या तिन्ही वाचनांना पुरेल असा मजकूर लिहायचा असेल तर काही गोष्टी आपोआप ठरतात. भूमिकेचे नाव कलाकाराच्या नावाला लागूनच, ठळक अक्षरांत हवे, कारण मध्यंतरातला प्रेक्षक भूमिकेवरून नाव शोधतो, नावावरून भूमिका नव्हे. कथानकातले गुपित परिचयात फुटता कामा नये. एकाच नटाच्या दोन भूमिका असतील आणि दुसरीचा सुगावा दुसऱ्या अंकातच लागायचा असेल, तर पत्रकात एकच भूमिका छापावी. आणि घरी वाचणाऱ्यासाठी निदान एक तरी तपशील असा हवा की जो त्याला कुणाला तरी सांगावासा वाटेल.

कलाकारांकडून जे येते ते पाहिले की या तिन्ही वाचकांपैकी कुणीच त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते हे उघड होते. आम्ही तालमीच्या व्हॉट्सॲप गटावर परिचय मागवतो आणि उत्तरे साधारण दोन प्रकारची येतात. काही जण शाळेतल्या स्नेहसंमेलनापासून सुरुवात करून दीड पान पाठवतात. उरलेले लिहितात, ‘माझं काय लिहायचं, तूच लिही काहीतरी चांगलं.’ दोन्ही प्रकारांत पहिले वाक्य मात्र सारखेच निघते: ‘लहानपणापासूनच अभिनयाची आवड असलेल्या...’ सहा परिचयांपैकी चार जर याच वाक्याने सुरू होत असतील तर ते वाक्य कुणाविषयीच काही सांगत नाही. आणि तसेही, अभिनयाची आवड नसलेला माणूस दोन महिने रोज संध्याकाळी शाळेच्या गळक्या वर्गात तालमीला कशाला येईल? याच कुळातली इतर वाक्ये म्हणजे ‘विविध नाटकांतून विविधरंगी भूमिका साकारल्या आहेत’, ‘अनेक पुरस्कारांनी सन्मानित’ आणि ‘गेली अनेक वर्षे रंगभूमीची सेवा करत आहेत’. विविध म्हणजे कोणत्या, अनेक म्हणजे किती, हे विचारले की फोनवर क्षणभर शांतता पसरते आणि त्यानंतर जे उत्तर मिळते त्यातच परिचय दडलेला असतो.

विशेषणांविषयी माझे मत कडक आहे. चतुरस्र, हरहुन्नरी, अष्टपैलू, संवेदनशील, गुणी ही सगळी विशेषणे दुसऱ्याने, तीही प्रयोग पाहिल्यावर, वापरायची असतात. पत्रकात ती छापली की प्रेक्षकाला आपले मत आधीच ठरवून दिल्यासारखे वाटते आणि चांगला प्रेक्षक अशा वेळी उलट कठोर होतो. शिवाय ही विशेषणे संस्थेच्या पत्रकात संस्थेनेच छापलेली असतात हे लहान मुलालाही कळते.

रंगमंचावर समोर येणाऱ्या माणसाची ओळख आधी करून द्यावी ही पद्धत मात्र आपल्याकडे फार जुनी आहे, आणि संस्कृत नाटकांच्या प्रस्तावना ज्यांनी वाचल्या असतील त्यांना ती अपरिचित नसेल. ‘मृच्छकटिका’च्या प्रस्तावनेत सूत्रधार नाटककार शूद्रकाचा जो परिचय करून देतो तो आजच्या कोणत्याही माहितीपत्रकाला लाजवील: ऋग्वेद, सामवेद, गणित, वैशिकी म्हणजे गणिकांशी संबंधित कला आणि हत्तींना शिकवण्याची विद्या त्याला अवगत होती, शंकराच्या कृपेने त्याची दृष्टी परत आली, त्याने अश्वमेध केला आणि शंभर वर्षे व दहा दिवसांचे आयुष्य भोगून त्याने अग्निप्रवेश केला. लेखकाच्या नाटकातच लेखकाच्या मृत्यूची नोंद कशी आली यावर विद्वानांनी भरपूर शाई खर्च केली आहे. मला त्यात परिचय लिहिणाऱ्या कुण्या उत्साही माणसाचा हात दिसतो. त्या मानाने आठव्या शतकातल्या भवभूतीचा परिचय अधिक काटेकोर आहे. आपले गाव विदर्भातले पद्मपूर, आपली तैत्तिरीय शाखा, काश्यप गोत्र, आजोबांचे नाव भट्टगोपाल, वडिलांचे नीलकंठ, आईचे जातुकर्णी, हे सगळे तो सूत्रधाराच्या तोंडून सांगतो. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे गाव, असे अभ्यासक मानतात. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत प्रयोग कोणत्या प्रसंगी होतो आहे तेही येते, कालप्रियनाथाच्या यात्रेत, आणि कवीचा नटांशी स्वाभाविक स्नेह असल्यामुळे त्याने हे नाटक आमच्या हाती दिले, असेही सूत्रधार सांगतो. स्थळ, निमित्त, लेखकाचे कूळ आणि संस्थेशी त्याचे नाते, असे माहितीपत्रकाचे जवळजवळ सगळे रकाने येथे भरलेले आहेत.

याच प्रस्तावनेतली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. वृद्ध बौद्ध परिव्राजिका कामंदकीची भूमिका स्वतः सूत्रधार करणार आहे आणि तिच्या शिष्येची, अवलोकितेची, भूमिका त्याचा सहकारी करणार आहे, हे प्रेक्षकांना तेथे सांगितले जाते. म्हणजे भूमिकांचे वाटप जाहीर होते, स्त्रीपात्रे पुरुष करणार हेही जाहीर होते, पण त्या दोघांची नावे काय होती हे कुठेही येत नाही. लेखकाच्या आईचे नाव आपल्याला आज ठाऊक आहे आणि नटाचे स्वतःचे नावही ठाऊक नाही. नटाचे नाव कागदावर यायला पुढे फार काळ जावा लागला. मराठी संगीत रंगभूमीवर मात्र ते आले आणि थाटात आले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले, त्यातले मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि पुढे कंपनीत आलेले भाऊराव कोल्हटकर ही नावे आजही नाट्यरसिकांच्या तोंडी आहेत. बालगंधर्वांच्या काळी तर जाहिरातीत त्यांचे नाव पुरेसे होते. त्या नावाखाली परिचय छापण्याची कल्पनासुद्धा कुणाला हास्यास्पद वाटली असती.

आजच्या व्यावसायिक नाटकाच्या प्रयोगाला असा कागद सहसा हाती पडत नाही. वर्तमानपत्रातली जाहिरात, नाट्यगृहाबाहेरचा फलक आणि पडदा उघडण्यापूर्वी ध्वनिवर्धकावरून होणारी निवेदने यांवर काम भागते, आणि ते योग्यही आहे, कारण तेथे प्रेक्षक नटाला ओळखूनच तिकीट काढतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘प्लेबिल’ नावाची पुस्तिका प्रत्येक प्रेक्षकाला मोफत मिळते आणि तिची सुरुवात १८८४ साली झाली. लंडनच्या वेस्ट एंडला मात्र अशी पुस्तिका प्रेक्षक पैसे मोजून विकत घेतो. दोन्हीकडे कलाकाराचा परिचय हा तिचा ठरलेला भाग आहे, पण त्यांची वळणे वेगळी आहेत. लंडनचा नट नाटक, दूरचित्रवाणी, चित्रपट अशा शीर्षकांखाली कामांची कोरडी यादी देतो, तर न्यूयॉर्कचा नट यादी संपवून शेवटी आईवडिलांचे, गुरूंचे आणि आपल्या एजंटचे आभार मानतो. परदेशातल्या मराठी मंडळांच्या नाटकांची जी पत्रके माझ्या पाहण्यात आली त्यांत न्यूयॉर्कचे वळण ठळक दिसते: नवऱ्याने मुले सांभाळली म्हणून तालमींना जाता आले, असा जाहीर कबुलीजबाब मी तेथेच प्रथम वाचला आणि मला तो मनापासून आवडला. आपल्याकडच्या हौशी नटीचा नवराही मुले सांभाळतो, पण ते छापायची आपल्याला सवय नाही.

यावरून हौशी रंगभूमीच्या परिचयातल्या माझ्या सर्वांत आग्रहाच्या मुद्द्याकडे येते, तो म्हणजे पोटापाण्याचा व्यवसाय. कलाकार तो लपवतात. बँकेत रोखपाल आहे, महावितरणात तारतंत्री आहे, शिकवण्या घेते, औषधाचे दुकान आहे, हे लिहिले की आपण ‘खरे’ नट नाही असे ठरेल, अशी धास्ती त्यांना वाटत असावी. मराठी रंगभूमीचा इतिहास पाहिला तर या धास्तीला काहीच आधार नाही. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस उभा करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्याच वर्षी ‘सखाराम बाइंडर’ करणारे निळू फुले यांनी त्याआधी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून नोकरी केली होती आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले होते. काशीनाथ घाणेकर दंतवैद्य होते. हे तपशील त्यांच्या अभिनयाला बाधा आणत नाहीत. उलट, ज्या प्रेक्षकाला ते ठाऊक असतात तो जरा पुढे सरकून पाहतो.

श्रीराम लागू यांचे उदाहरण घेऊन मी एकदा स्वतःशीच एक खेळ खेळले. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत धी गोवा हिंदु असोसिएशनने ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग केला. त्या रात्रीच्या प्रेक्षकासाठी गणपतराव बेलवलकरांचे काम करणाऱ्या नटाचा परिचय साठ शब्दांत लिहायचा झाला तर काय लिहावे? आज आपण त्यांच्याविषयी जे जाणतो त्यातले बहुतेक सगळे नंतर घडले आहे, तेव्हा ते वगळावे लागते. उरते ते असे:

‘श्रीराम लागू (गणपतराव बेलवलकर) : पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना नाटकांत कामे करू लागले. व्यवसायाने कान, नाक व घसा यांचे शल्यचिकित्सक. पुण्यात आणि पूर्व आफ्रिकेत टांझानियातल्या टबोरा येथे वैद्यकी केली. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये आणि मुंबईच्या रंगायनमध्ये नाटके केली. गेल्या वर्षी, १९६९ मध्ये, वसंत कानेटकरांच्या “इथे ओशाळला मृत्यू” या नाटकापासून वैद्यकी सोडून पूर्ण वेळ अभिनय करतात.’

यात एकही विशेषण नाही आणि तरी शेवटचे वाक्य वाचल्यावर प्रेक्षकाच्या मनात जे उभे राहील ते दहा विशेषणांनी उभे राहणार नाही. स्थिरावलेला डॉक्टर हातातला व्यवसाय सोडून नुकताच नट झाला आहे आणि आज तो आयुष्यभर नाटक करून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या नटाचे काम करणार आहे. हा ताण परिचयात शब्दांत मांडायचा नसतो; दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवल्या की वाचणारा तो आपला आपण जोडतो. या मजकुरात मी जन्मसाल मुद्दाम दिलेले नाही. लागूंचा जन्म १९२७ सालचा, म्हणजे त्या रात्री त्यांचे वय त्रेचाळीस होते. पडदा उघडण्याआधी तो आकडा वाचलेला प्रेक्षक पहिला अर्धा तास रंगभूषा न्याहाळत बसला असता. परिचयात जन्मसाल द्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर एरवी ‘हरकत नाही’ असे असते, पण वय लपवणे हाच ज्या भूमिकेचा भाग आहे तेथे ते वगळावे.

आता आमच्याच संस्थेतले एक उदाहरण देते. संबंधित बाईंच्या परवानगीने, पण नाव न देता. आमच्या अलीकडच्या नाटकात त्यांनी घरातल्या विधवा आत्याचे काम केले. त्यांनी पाठवलेला मजकूर असा होता: ‘लहानपणापासूनच अभिनयाची आवड असणाऱ्या अमुक यांनी शालेय जीवनात अनेक स्पर्धांमध्ये भाग घेऊन पारितोषिके पटकावली आहेत. एक उत्तम गृहिणी आणि संवेदनशील कलाकार म्हणून त्या परिचित असून संसार व नोकरी सांभाळून रंगभूमीची सेवा करत आहेत. सदर नाटकातील त्यांची भूमिका रसिकांना निश्चितच भावेल.’ मी त्यांना फोन केला. माझे प्रश्न ठरलेले असतात: पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर उभे राहिलात ते कुठे आणि कशामुळे, दिवसा काय करता, आणि या भूमिकेत हाताला न लागणारी गोष्ट कोणती होती. पहिल्या प्रश्नावर त्या हसल्या. म्हणाल्या, ‘अगं, मी कुठली उभी राहतेय! मी तर विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे.’ मग हळूहळू सगळे बाहेर आले. संस्थेच्या नाटकांना त्या कित्येक वर्षे प्रॉम्प्टिंग करत होत्या, म्हणजे नट विसरला की त्याला वाक्य हळूच सुचवत होत्या, विंगेत मांडीवर संहिता आणि हातात बारीक टॉर्च घेऊन. एका प्रयोगाच्या दिवशी दुपारी मुख्य नटीला ताप भरला आणि संपूर्ण नाटक ज्यांना पाठ आहे असे एकच माणूस संस्थेत आहे हे सगळ्यांच्या लक्षात आले. रात्री त्या रंगमंचावर होत्या, दुसऱ्या बाईच्या मापाचा ब्लाउज टाचण्या लावून घातलेल्या.

‘ताई, हेच लिहू या,’ मी म्हटले.

‘हे काय छापायची गोष्ट आहे? लोक म्हणतील, बदली म्हणून आली.’

त्यांना पटायला वेळ लागला. शेवटी छापले ते असे: ‘अमुक (आत्या) : राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी. संस्थेच्या नाटकांना दीर्घकाळ विंगेतून प्रॉम्प्टिंग केले. एका प्रयोगाला मूळ नटी आजारी पडल्यामुळे, संहिता पाठ असलेल्या एकमेव व्यक्ती म्हणून त्याच रात्री प्रथम रंगमंचावर आल्या. त्यानंतर संस्थेच्या प्रत्येक नाटकात भूमिका. सहकलाकारांची वाक्येही त्यांना अजून पाठ असतात.’ शेवटचे वाक्य दिग्दर्शकाने सुचवले आणि तालमीत त्यावरून पुष्कळ चेष्टा झाली. मध्यंतरात अनोळखी बायका त्या टॉर्चविषयी विचारायला आत आल्या, असे त्यांनीच नंतर सांगितले. टॉर्च पत्रकात नव्हता, म्हणजे कुणी तरी आणखी कुणाला तरी गोष्ट रंगवून सांगितली होती.

पारितोषिकांबाबत मी फार हट्टी आहे असे आमच्याकडे मानले जाते. पुण्यात कॉलेज केलेल्या प्रत्येक नटाच्या परिचयात पुरुषोत्तम करंडकाचा उल्लेख असतोच, आणि असायला हरकतही नाही. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा घेते आहे आणि भरत नाट्य मंदिरातल्या त्या आरोळ्यांमधून मराठी रंगभूमीला किती नट मिळाले याची गणती नाही. पण ‘पुरुषोत्तम करंडक विजेता’ म्हणजे काय? संघाला करंडक मिळाला की वैयक्तिक अभिनयाचे पारितोषिक, की संघ अंतिम फेरीत पोहोचला होता एवढेच? राज्य नाट्य स्पर्धेतही अभिनयाचे रौप्यपदक वेगळे आणि गुणवत्ता प्रमाणपत्र वेगळे. वर्ष, स्पर्धा, नाटक आणि पारितोषिकाचे नेमके नाव, एवढे चार शब्द मिळाले तरच मी ते छापते. उत्तेजनार्थ पारितोषिक उत्तेजनार्थ म्हणूनच छापावे. प्रेक्षकांत त्या वर्षीचा पहिला क्रमांकवाला बसलेला असतो, हा पुण्यातला तरी अनुभव आहे.

मालिकांचे काय करायचे हा नव्या काळातला पेच आहे. एखाद्याने मालिकेत पोलीस हवालदाराचे काम सलग चार भाग केले असेल तर प्रेक्षागृहातले निम्मे लोक त्याला त्यामुळेच ओळखणार असतात. ते वगळणे हा खोटा सोवळेपणा होईल, पण तेच पहिल्या ओळीत दिले तर आजचा प्रयोग मालिकेची पुरवणी वाटू लागतो. मी ते शेवटच्या वाक्यात ठेवते.

क्रमाविषयी वाद होतात आणि दरवेळी नव्याने होतात. ज्येष्ठतेने लावावे तर ज्येष्ठता वयाची की संस्थेतली, भूमिकेच्या लांबीने लावावे तर संवाद मोजायचे कुणी, आडनावाच्या वर्णक्रमाने लावावे तर सप्रे आणि साने कायम तळाशी. आम्ही आता पात्रांच्या रंगमंचावरील प्रवेशाच्या क्रमाने लावतो, कारण त्यात कुणाचा मान-अपमान नसतो आणि अंधारात बसलेल्या प्रेक्षकालाही तोच क्रम सोयीचा पडतो. शब्द मात्र सर्वांना सारखे. एका वाक्याच्या नोकराच्या भूमिकेलाही साठ शब्द आणि नायकालाही साठ, यावरून आमच्या एका नायकाने अबोला धरला होता. मला त्यात ‘घाशीराम’मधली ब्राह्मणांची रांग आठवते. त्या मानवी पडद्याशिवाय ते नाटकच उभे राहत नाही, आणि रांगेतल्या माणसाचे नाव विचारायला गेले तर प्रेक्षकाला ते सांगता येत नाही.

भाषेच्या बारीकसारीक गोष्टी थोडक्यात. परिचय तृतीय पुरुषी आणि आदरार्थी बहुवचनात लिहावा, मात्र नाटकात शाळकरी मूल असेल तर त्याला ‘ते इयत्ता चौथीत शिकत आहेत’ असे लिहू नये. ‘तो’ किंवा ‘ती’ पुरे. श्री., सौ., कु. ही उपपदे पत्रकातून काढून टाकावीत, कारण बाईचे लग्न झाले आहे की नाही याच्याशी त्या संध्याकाळच्या प्रेक्षकाचा काही संबंध नाही. लग्नाआधीच्या नावाने जिने कामे केली आहेत तिला दोन्ही नावे हवीत का हे विचारून घ्यावे. जुने प्रेक्षक जुन्या नावानेच ओळखतात. ‘भूमिका साकारली’ याऐवजी ‘काम केले’ लिहिले की वाक्य हलके होते. आणि गुरूचे नाव असेल तर ते पूर्ण लिहावे, नुसते ‘दिग्गजांकडून मार्गदर्शन’ लिहिले की दिग्गजालाही वाईट वाटते आणि वाचणाऱ्यालाही संशय येतो.

मजकूर ठरला तरी काम संपत नाही, कारण पुढे छापखाना आहे. आम्ही युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर पाठवतो आणि छापखान्यातल्या जुन्या प्रणालीत तो दुसऱ्या फाँटमध्ये उतरवला जातो. त्या उतरंडीत रफार एक घर पुढेमागे सरकतो, ‘ऱ्या’ फुटतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि ‘कार्यशाळा’ हा साधा शब्द वाचता येईनासा होतो. परिचयातली चूक मनोगतातल्या चुकीपेक्षा अधिक बोचते, कारण ती बहुधा कुणाच्या तरी नावात असते. त्यामुळे अंतिम पीडीएफ आली की मी प्रत्येक कलाकाराला त्याचा परिचय फोनवर वाचून दाखवते आणि त्याच्याकडून त्याच्या नावाचे अक्षरन् अक्षर वदवून घेते. गटावर पीडीएफ टाकली की सगळे अंगठा दाखवतात आणि कुणीही ती उघडत नाही.

शेवटी एक विनंती, विशेषतः लहान संस्थांना. पत्रकावर प्रयोगाची पूर्ण तारीख, वर्षासकट, आणि नाट्यगृहाचे नाव छापा. आमच्या संस्थेच्या कपाटातली जुनी पत्रके मी पाहिली तेव्हा ‘रविवारी रात्री ९ वाजता’ एवढेच छापलेली कितीतरी निघाली. कोणत्या वर्षातला रविवार हे सांगू शकणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत. प्रायोगिक आणि हौशी नाटकांचे चित्रीकरण क्वचितच होते, परीक्षण आलेच तर त्यात दोन नटांची नावे येतात, आणि बाकीच्यांनी त्या रात्री काम केले होते याचा छापील पुरावा म्हणून हाच एक दुमडलेला कागद उरतो. बदली कलाकार असेल तर निदान एक चिठ्ठी छापून पत्रकात घाला आणि फाइलला लावायच्या प्रतीतही ती विसरू नका. मी हल्ली चौथ्या पानाच्या तळाशी तारीख, नाट्यगृह, प्रयोगाचा क्रमांक आणि मजकूर कुणी तयार केला ते बारीक टंकात छापायला सांगते. आमचे छापखानेवाले दर वेळी ती ओळ काढून तेथे स्वतःच्या छापखान्याचा दूरध्वनी क्रमांक घालतात, आणि मी दर वेळी दोन्हीला जागा करून द्यायला लावते.